सगळ्यांना एकच व्हिस्को

धाराशिवच्या ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी तीन वर्षं नोकरी केली, तिथं एखाद्या कंपनीचा माणूस मॅडमना भेटायला आला की त्याला आधी शर्यत बघावी लागायची. मॅडमच्या खोलीच्या खिडकीत हातभर लांबीची काच तिरपी टेकवलेली असे. त्याच्या सिरिंजमधला एक थेंब मॅडम काचेच्या वरच्या कडेला सोडायच्या, शेजारी दुसऱ्या दोन कंपन्यांचे थेंब सोडायच्या आणि खुर्ची ओढून बसायच्या. त्यानंही बसायचं. बोलायचं नाही, मोबाईल काढायचा नाही. थेंब खाली यायला कधी पाच मिनिटं लागत, कधी पंचवीस. टाय बांधून सोलापूरहून सकाळची एसटी पकडून आलेला तो पदवीधर त्या थेंबाकडे असा बघत बसे, जणू त्याच्या बढतीचा निकालच वरून खाली सरकतोय. एका अर्थी तसंच होतं.

सोबत आणलेली गुळगुळीत माहितीपत्रकं मॅडम घ्यायच्या, पण वाचायच्या नाहीत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर त्या पेशंटच्या डोळ्यांची चित्रं काढायच्या. पुढच्या बाजूला नेहमी एखाद्या गोऱ्या बाईचा निळा डोळा छापलेला असे. एकदा त्यांनी तो डोळा कंपनीच्या माणसासमोर धरला आणि विचारलं, "ह्या बाई कुठल्या? भूम की परंडा?" तो म्हणाला, ते फक्त चित्र आहे. मॅडम म्हणाल्या, "मग औषधही चित्रातल्या बाईलाच द्या. माझ्याकडं तपकिरी डोळे येतात, आणि तेही उशिरा येतात."

हे थेंब व्हिस्कोचे असायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात भरायचं पारदर्शक जेल, त्याला थिएटरात सगळे व्हिस्को म्हणतात. मीही नोकरीला लागेपर्यंत हा शब्द ऐकला नव्हता. मी समुपदेशक होतो. म्हणजे शिबिरात जाऊन लोकांची भीती घालवायची, त्यांना गाडीत बसवून दवाखान्यात आणायचं आणि ऑपरेशननंतर डोळा चोळू नका असं शंभरदा सांगायचं. आमच्या घरी वर्तमानपत्र एक आणि चळवळीची पत्रकं चाळीस, अशा वातावरणात मी वाढलो. पहिलं अक्षर मी पत्रकावरच गिरवलं. त्यामुळं जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर एका पानात, दोन्ही बाजूंनी छापून देता येतं, याबद्दल मला शंका नव्हती.

मॅडम मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "तू लोकांना समजावतोस ना? मग आधी तुला समजू दे." आणि त्यांनी मला रविवारी सकाळी बोलावलं. रविवारी त्या खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणायच्या आणि त्यांच्यावर वेगवेगळी व्हिस्को वापरून बघायच्या. आणायच्या त्या स्टीलच्या डब्यातून, कापडात गुंडाळून, पायी. गल्लीत अशी समजूत होती की डॉक्टरीणबाई रविवारी डोळ्यांचा रस्सा करतात. मॅडमच्या कानावर ती गेली होती. त्यांनी ती खोडली नाही, कारण त्यामुळं रविवारी कुणी वर्गणी मागायला येत नसे.

त्यांनी समजावलं ते असं. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला आतून पेशींचा एकच थर असतो. जन्माला येताना मिळतो तेवढाच. त्यातली गेलेली पेशी परत उगवत नाही. थर फार विरळ झाला की पडदा पाणी धरतो, दुधाळ होतो, आणि मग आत कितीही चांगलं भिंग बसवलं तरी दिसायचं नाही. मोती मशीननं फोडताना त्याचे तुकडे उडतात ते नेमके ह्या थरावर. "काचेच्या कपाटात ठेवलेली बरणी कपाटाला धक्का न लावता फोडायची आहे," मॅडम म्हणाल्या. "मध्ये गादी कसली घालायची एवढाच प्रश्न. माझी बावीस वर्षं ह्या गादीत गेली."

गाद्या तीन तऱ्हेच्या. त्यांची कंपनीनं ठेवलेली नावं मॅडम उच्चारत नसत. एक गोळा. तो डोळ्यात फुगून जागा करून देतो आणि काढताना एका झटक्यात बाहेर येतो, पण मशीननं ओढ घेतली की भलत्या वेळीही तसाच निघून जातो. दुसरं चिकट. ते पडद्याच्या आतल्या बाजूला लागलं की तुकडे आदळले तरी जागा सोडत नाही, पण शेवटी धुऊन काढताना डॉक्टरचा घाम काढतं, आणि थोडं जरी राहिलं तर दुसऱ्या दिवशी डोळ्यातला दाब वाढून पेशंट डोकं धरून बसतो. तिसरं पाणचट. ते स्वस्त, बिनतक्रार, फ्रीजसुद्धा लागत नाही. मात्र लवकर वाहून जातं, पुन्हा पुन्हा भरावं लागतं.

"पाणचटला नावं ठेवायची नाहीत," मॅडम बजावत. "मऊ मोती असेल तर त्याच्यासारखा नोकर नाही. दगड असेल तर आधी चिकट लावायचं, मग त्याच्या खाली गोळा भरायचा. तो वरच्याला दाबून धरतो."

दगड म्हणजे पिकून काळपट झालेला मोती. आमच्या शिबिरांत दगडच जास्त. कारण शेतातली कामं, नातीचं लग्न, म्हैस व्यायची वेळ, हे सगळं पार पडल्यावर माणूस डोळ्याकडं बघतो. तोवर डोळा माणसाकडं बघायचं थांबलेला असतो.

मॅडमना माणसांची नावं लक्षात राहत नसत. मोती राहायचे. बाजारात कुणी हात जोडून उभा राहिला की त्या ओळख दाखवत नसत, पण त्याची पापणी बोटानं वर करून बघितली की लगेच, "अहो, बेंबळीचे तांबूस तुम्ही. थेंब बंद केले का?" एका लग्नात त्यांनी वधूपित्याची पापणी अशी वर केली. माणूस अक्षता धरून उभा होता. त्यानं मान वर करून निमूट दाखवली.

आता दवाखान्याविषयी. तो एका ट्रस्टचा होता, आणि ट्रस्ट सेवाभावी होता. हे दारावर, भिंतीवर, केसपेपरवर आणि जेवणाच्या ताटाखाली लिहिलेलं होतं, त्यामुळं संशयाला जागा नव्हती. ट्रस्टच्या सचिवसाहेबांचा आवडता शब्द पारदर्शक. डोळ्यांच्या दवाखान्याला तो शोभतही होता. पारदर्शकतेसाठीच त्यांनी पेशंटच्या मनगटाला पट्ट्या बांधायची पद्धत आणली. पॅकेज घेणाऱ्याला निळी, शिबिरातून मोफत आलेल्याला पिवळी. निळ्याला चहा कपबशीत, पिवळ्याला कागदी पेल्यात. चहा एकाच पातेल्यातला होता, ही खरी समता.

मॅडम पट्टी बघत नसत. आणि त्यावरूनच सगळं पेटलं.

एक बडे ठेकेदार निळी पट्टी बांधून आले. शिबिराचे पेशंट ज्या रस्त्यांवरून यायचे त्यातले बरेच त्यांनी बांधलेले, इतके की आंधळ्यालाही खड्ड्यावरून कळायचं आपण कुठं आलो. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा ते भिंतीवरचं कॅलेंडर, घड्याळ, छतावरची पाल, सगळं वाचून दाखवत होते. मग त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, जेल भारीतलंच वापरलं ना?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमचा मोती लोण्यासारखा मऊ होता. तुम्हाला पाणचट पुरलं. भारीतलं काल शेजारच्या खाटेवरच्या बाईंना घातलं. त्यांचा दगड होता."

तोवर पालीची शेपटी मोजणारे ठेकेदार त्या क्षणापासून धूसर बघू लागले. पडदा स्वच्छ, दाब ठीक, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचत होते. पण धूसर. त्यांचा फोन सचिवसाहेबांना गेला आणि संध्याकाळी नियम आला: भारी व्हिस्को, म्हणजे चिकट आणि गोळा, निळ्या पट्टीला, पाणचट पिवळ्या पट्टीला. मॅडम कागद घेऊन सचिवांकडं गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "पट्टी मनगटावर असते. मोती डोळ्यात असतो." सचिवसाहेबांनी त्यांना कपबशीत चहा दिला.

त्याच आठवड्यात मी लोहाऱ्याच्या शिबिरातून सोजराबाईंना आणलं.

सोजराबाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. वाकळा शिवून पोट भरणाऱ्या. एक डोळा पूर्वी कुठल्याशा ऑपरेशनात गेलेला. दुसऱ्यात मोती इतका पिकलेला की माणूस समोर उभा आहे की खांब, एवढंच कळायचं. त्यांना तपासणी नको होती, ऑपरेशन तर नकोच. शेजारणीनं ओढून आणलेलं. मी माझं ठेवणीतलं भाषण काढलं. दृष्टी हा हक्क आहे, भीती ही व्यवस्थेनं पेरलेली आहे, वगैरे. अर्धा तास बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाकर करपली का न्हाय ते वासावरनं कळतंय रं लेकरा. सुई न्हाय वासावरनं ओवता येत. म्हणून आली म्या. पर ह्यो बी गेला तर तुजा हक्क मला हाताला धरून परसाकडं नेईल व्हय?"

मी म्हणालो, जबाबदारी माझी. हे वाक्य कुठल्याच पत्रकात नसतं, तरी बोलून गेलो. त्या जीपमध्ये बसल्या.

मॅडमनी तपासलं आणि बराच वेळ मशीनवरून डोकं उचललं नाही. मग माहितीपत्रकाच्या पाठीवर चित्र काढून मला दाखवलं. मोती काळा दगड. आणि आतल्या पेशी आधीच निम्म्याहून कमी. म्हणजे गादी फाटली तर पडदा दुधाळ, आणि हा शेवटचा डोळा. केसपेपरवर त्यांनी लिहिलं: आधी चिकट, मग गोळा. केसपेपरलाही पिवळी पट्टी चिकटवलेली होती.

मला पुढचं ऐकायची गरज वाटली नाही. मॅडमना विचारायचीही नाही. त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा: "सगळ्यांना एकच व्हिस्को". खाली: डोळ्याला वर्ग नसतो, श्रीमंताच्या आणि गरिबाच्या डोळ्यात वेगळं जेल भरणाऱ्या व्यवस्थेचा धिक्कार. आजही सांगतो, भाषा चांगली होती. एसटी स्टँड, कोर्ट, कॉलेज, सगळीकडं वाटलं. रिक्षावाल्यांनी काचेला लावलं. व्हिस्को म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं, पण सगळ्यांना ते एकच पाहिजे होतं.

एक प्रत मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती परत पाठवली. "एकच" या शब्दाखाली लाल रेघ, आणि समासात लिहिलेलं: "कुठलं?"

मी तो कागद आमच्या चळवळीच्या अभ्यासमंडळात दाखवला. जुन्या पिढीत हीच वैचारिक अस्पष्टता असते, असं आमचं एकमत झालं.

आठ दिवसांत सचिवसाहेबांनी मला बोलावलं. मी भाषण तयार करून गेलो होतो. त्यांनी शाल आणि नारळ तयार ठेवला होता. संस्थेला आपली मागणी शंभर टक्के मान्य आहे, ते म्हणाले. भेदभाव आजपासून बंद. सगळ्यांना एकच व्हिस्को. फोटोवाला आलेलाच होता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मी शालीत हसतोय. चिकट आणि गोळ्याचा साठा त्याच दुपारी कंपनीकडं परत गेला, आणि थिएटरातल्या कपाटात पाणचटची खोकी रचली गेली. निळ्यालाही तेच, पिवळ्यालाही तेच. निळी मंडळी ज्यांना परवडत होतं ती सोलापूरला जाऊ लागली. एवढी समता मी आयुष्यात पुन्हा कुठं बघितली नाही.

साखर उतरेपर्यंत वॉर्डातच ठेवलेल्या सोजराबाईंच्या ऑपरेशनच्या सकाळी मॅडम हात धुऊन टेबलाजवळ गेल्या आणि ह्यांच्यापुरतं तरी मागं ठेवलं असेल या भरवशावर त्यांनी सिस्टरकडं चिकट मागितलं. सिस्टर म्हणाली, मॅडम, ते बंद झालं ना, त्या पत्रकामुळं. मॅडमनी हातमोजे उतरवले, सोजराबाईंच्या चेहऱ्यावरचं हिरवं कापड बाजूला केलं आणि मला आत बोलावून घेतलं.

"आई," त्या म्हणाल्या, "मला जे औषध पाहिजे ते आज नाही. जे आहे त्यानं ऑपरेशन करता येतं. हातानं, मशीनशिवाय, तेही करता येतं. पण तुमच्या ह्या डोळ्याला मी ते धाडस करणार नाही."

"तुमच्या आईचा डोळा आसता तर?" सोजराबाईंनी विचारलं.

"थांबले असते."

"मग थांबा की. घाई कुनाला हाय? ह्यानंच आनलंय मला घाईनं." आणि त्यांनी मी उभा होतो त्या बाजूला मान वळवली.

वॉर्डात येऊन त्यांनी गाठोडं बांधलं. मॅडम म्हणाल्या, ही बाई आज घरी गेली तर पुन्हा येणार नाही, आणि तिनं येऊही नये. मॅडमनी स्वतः व्हिस्को मागवायचं म्हटलं, तर खरेदी समितीच्या मंजुरीशिवाय बाहेरची वस्तू थिएटरात नेता येत नव्हती. हा नियमही पारदर्शकतेसाठीच. मी म्हणालो, मी दुसरं पत्रक काढतो.

"पत्रक वाचायला तिला डोळा लागेल," मॅडम म्हणाल्या. "मी तुला एकच शब्द विचारला होता. तुला उत्तर देता आलं नाही, त्यांनी दिलं. आता जा आणि मागणी मागं घे."

मी गेलो. वाटेत मला तीन-चार भाषणं सुचली. सचिवसाहेबांनी बसायला सांगितलं, आणि माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं: सगळ्यांना एकच नको. ज्याचा मोती कठीण त्याला भारी, ज्याचा मऊ त्याला साधं. पट्टी कुठलीही असो, मॅडम लिहितील तसं.

"म्हणजे आता तुम्हालाच विषमता पाहिजे?" ते म्हणाले.

"हो."

"लेखी द्या."

त्यांनी कोरा कागद आणि स्वतःचं पेन पुढं केलं. मी लिहिलं: माझी पूर्वीची मागणी चुकीची होती. रुग्णांना असमान व्हिस्को देण्यात यावं, ही नम्र विनंती. "नम्र" त्यांनी घालायला लावलं. खाली सही. आयुष्यात मी जितकं लिहिलं त्यातलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं लिखाण ते आहे. सचिवसाहेबांनी ते नोटीसबोर्डावर काचेत लावलं. अभ्यासमंडळानं त्याची छायाप्रत मागवली आणि माझं नाव कमी केलं. माझी बाजू मांडायला मला पाच मिनिटं दिली होती. व्हिस्कोचे तीन प्रकार समजावण्यात ती संपली.

एक खरं. त्या कागदामुळं सचिवसाहेबांची कातडी वाचत होती. निळी मंडळी सोलापूरला चालली होती, त्यांना साठा परत आणायलाच हवा होता आणि निमित्त मिळत नव्हतं. ते मी सहीनिशी पुरवलं. त्यांनी खाली शेरा मारला: व्हिस्कोची निवड मोती बघून, जबाबदारी सर्वस्वी मॅडमची. मॅडमनी तो शेरा वाचला आणि म्हणाल्या, "आजवर दुसऱ्या कुणाची होती?"

साठा येईपर्यंतचे तीन दिवस सोजराबाई वॉर्डात बसून राहिल्या. गाठोडं त्यांनी सोडलं नाही. मी रोज जायचो, त्या बोलायच्या नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मात्र मला ऐकू जाईल असं सांगायच्या की हितं एक पोरगं हाय, ते लई शिकलंय, म्हणून आपन बसलोय.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं बर्फाच्या पेटीतून दोन सिरिंज आल्या. मॅडमनी त्या टॉवेलखाली ठेवल्या आणि गारवा उतरेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. ऑपरेशनच्या वेळी मला गाऊन घालून थिएटरातल्या टीव्हीसमोर उभं केलं. "बघ," म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या वेळी लिहिताना कळेल कशावर लिहितोयस."

टीव्हीवर तो डोळा ताटाएवढा दिसत होता. चिकट आत गेलं ते दिसलंच नाही, कारण ते पारदर्शक असतं. त्याच्यासोबत एक बारीक बुडबुडा मात्र आत गेला आणि वर, पडद्याच्या आतल्या अंगाला, चिकटून बसला. मॅडम तो काढणार असं मला वाटलं. त्यांनी तसाच ठेवला.

"तो हलत नाही तोवर चिकट जागेवर आहे," त्या म्हणाल्या.

मग मशीनचा आवाज सुरू झाला. काळे तुकडे उडत होते, फिरत होते, वर येत होते. मला मोती दिसत नव्हता, मॅडमचे हात दिसत नव्हते. मी फक्त बुडबुडा बघत होतो. मध्येच तो थरथरला. मॅडमनी मशीन थांबवलं, पुन्हा चिकट भरलं, पुन्हा सुरू केलं. दगड संपायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला, आणि नंतर चिकट धुऊन काढायला त्याहून जास्त. शेवटी तो बुडबुडा नळीतून निघून गेला. मॅडम म्हणाल्या, "आता उद्यापर्यंत तुझ्या-माझ्या हातात काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरची पट्टी मॅडमनीच सोडली. त्या बोटं दाखवून किती असं विचारत नसत. पेशंटला म्हणायच्या, समोर बघा आणि काय दिसतंय ते तुमच्या शब्दांत सांगा. सोजराबाईंनी आधी डोळा मिटला, मग उघडला. पाणी आलं, ते पुसू दिलं. मॅडमच्या मागं भिंतीला टेकून मी उभा होतो.

सोजराबाई बराच वेळ बघत होत्या. मॅडमकडं नाही, माझ्याकडं. डोक्यापासून चपलेपर्यंत आणि परत वर.

"ह्योच का त्यो?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"हाच."

"आवाजावरनं लई मोठा वाटला हुता."

मॅडमनी वाकून टॉर्चनं पडदा तपासला, इकडून, तिकडून. मग टॉर्च बंद केली आणि केसपेपरवर लिहिलं: पडदा स्वच्छ. नजर बरोबर.